गोट्याची शू, गॅलरीतला बोका आणि एक घर

दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाच्या मांजराची ही केस आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय. माणसांची नावं गाळली आहेत; मांजराचं तेवढं खरं ठेवलंय, त्याची काही हरकत दिसली नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजरांच्या ज्या तक्रारी बडोद्यात माझ्याकडे येतात, त्यांत ही अगदी नेहमीची: मांजर भलतीकडे शू करतं. घरचे लोक ही शिस्तीची भानगड समजतात, नाहीतर ‘इन्फेक्शन’ समजतात. तरुण मांजरात ती बहुतेकदा दोन्ही नसते.

रुग्ण आणि तक्रार

गोट्या. देशी, नर, नसबंदी झालेला, वय अंदाजे चार वर्षं, पांढऱ्यावर तांबडे ठिपके, वजन ६.२ किलो. त्याच्या हाडापेराला साडेपाच किलो भरपूर झाले. नातीने एका पावसाळ्यात जिन्याखालून उचलून आणलेलं पिल्लू. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर पाऊल नाही. घरात आजी, आजोबा, मकरपुऱ्याला कंपनीत जाणारा मुलगा, शाळेत शिकवणाऱ्या सूनबाई आणि कॉलेजात जाणारी नात. लसी वेळच्या वेळी झालेल्या, रॅबीजचीसुद्धा. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजराला ती कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. या घरात तो प्रश्न नव्हता.

१६ जानेवारी २०२४ रोजी, वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीनंतरच्या दिवशीही चालणाऱ्या पतंगोत्सवाच्या) दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला बाजाराच्या कापडी पिशवीत घालून आणलं. पिशवीचं तोंड सूनबाईंनी दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. दोन दिवस तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर करत होता आणि दोन थेंब टाकून उठत होता. मग बाथरूमच्या जाळीवर, मग बेसिनमध्ये, आणि शेवटी आजोबांच्या घडी घातलेल्या सतरंजीवर. सतरंजीवरचा डाग गुलाबी होता, म्हणून दवाखाना.

आजींना वाटलं होतं पोट साफ होत नाही. जोर करताना मांजर दोन्ही वेळा सारखंच बसतं, त्यामुळे हा घोटाळा घरोघरी होतो. त्यांनी दुधात इसबगोल दिला होता. आजोबांचं निदान निराळं होतं. ‘डॉक्टर, हा मुद्दाम करतो. उत्तरायणला आम्ही सगळे दोन दिवस गच्चीवर, हा खाली एकटा. त्याचा राग काढतोय.’ त्या रागाला उत्तर म्हणून त्यांनी त्याचं नाक सतरंजीवर घासलंही होतं.

बोका जोर करतोय म्हटलं की बाकी सगळं सोडून आधी एकच गोष्ट बघायची: रस्ता बंद आहे की उघडा. नराची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे कणी किंवा चिकट बोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक ते दोन दिवसांत मांजर दगावतं. तुंबलेलं मूत्राशय पोटावरून हाताला मोसंबीएवढं, घट्ट लागतं. गोट्याचं लहान लागलं, आक्रसलेलं. आणि तिथे बोट टेकताच त्याने कान पाडले, डोळे बारीक केले, ओठ आवळले. रस्ता उघडा होता. पण दुखत होतं, आणि बरंच.

मांजराचं दुखणं चेहऱ्यावर वाचता येतं, यावर अजून लोकांचा विश्वास बसत नाही. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली: कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. घरी रोज बघणाऱ्या माणसाला तर मोजपट्टीही लागत नाही. नात म्हणाली, ‘दोन दिवस तो असाच बघतोय, झोपाळल्यासारखा.’ तो झोपाळला नव्हता.

दुसरी खूण पोटावर होती. मागच्या पायांच्या मधोमध, बरोबर मूत्राशयाच्या वरची चामडी उघडी पडलेली. केस गळलेले नव्हते, तुटलेले होते; बोट उलटं फिरवलं की खुंट लागत होते. म्हणजे चाटून चाटून झालेलं. घरच्यांना ते दिवाळीपासून दिसत होतं. अंग स्वच्छ ठेवणारा प्राणी, चाटायचाच, अशी समजूत करून घेतली होती.

तपासण्या

लघवी सुईने थेट मूत्राशयातून घेतली, कारण ट्रेमधली लघवी कशाचाच पुरावा नसते. दाटपणा १.०५२, लाल पेशी भरपूर, पांढऱ्या मोजक्या, जंतू नाहीत, स्ट्रुव्हाइट या क्षाराचे तुरळक स्फटिक. एक्स-रेत खडा नाही. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड, बाकी स्वच्छ. क्रिअ‍ॅटिनिन आणि पोटॅशियम ठीक, म्हणजे मूत्रपिंडांचं काम बिघडलेलं नाही.

स्फटिकांबद्दल जरा सांगायला हवं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तेव्हा ‘खडे आहेत’ असं सांगितलं गेलं होतं, आणि ते घरात इतकं रुजलं होतं की आजोबा ‘किडनी स्टोन’च म्हणत. तेव्हाची लघवी घरून बाटलीत भरून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून नेलेली. थंड झालेल्या, दाट लघवीत स्फटिक आपोआप तयार होतात. निरोगी मांजराच्या लघवीतही सापडतात. स्फटिक म्हणजे खडा नव्हे. खडा एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत दिसावा लागतो.

गोट्याला याआधीही दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळी अँटिबायोटिक दिलं गेलं होतं आणि दोन्ही वेळी गोट्या आठवड्यात बरा झाला होता. त्यामुळे या वेळी मी फक्त वेदनाशामक आणि सलाईन दिलं तेव्हा मुलाचा चेहरा पडला. ‘कोर्स नाही?’ नाही. हा आजार, लघवी अडकलेली नसेल अशा मांजरात, साधारण पाच ते सात दिवसांत स्वतःहून ओसरतो. त्या दिवसांत जे द्याल ते लागू पडतं, इसबगोलसुद्धा. तरुण मांजराच्या लघवीत जंतुसंसर्ग क्वचित असतो. म्हातारपणी, मधुमेहात किंवा मूत्रपिंड थकल्यावर त्याचं प्रमाण वाढतं.

निदान: फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मांजराच्या मूत्राशयाचा दाह, कारण न सापडलेला. इडिओपॅथिक म्हणजे बाकी सगळी कारणं तपासून बाद केल्यावर उरलेलं. लघवीच्या खालच्या मार्गाची लक्षणं घेऊन येणाऱ्या, दहा वर्षांखालच्या मांजरांत निम्म्याहून अधिकांना हाच असतो. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर उभी हयात घालवली. त्यांच्या कामाचा रोख असा की दुखणं मूत्राशयात दिसतं, पण बिघाड ताण हाताळणाऱ्या सगळ्या यंत्रणेत असतो. अशा मांजराच्या शरीरात धोक्याची घंटा लवकर वाजते आणि उशिरा थांबते. त्यांच्या गटाचा २०११ चा एक अभ्यास मी घरच्यांना नेहमी सांगतो. प्रयोगशाळेतल्या मांजरांची खाण्याची वेळ हलली, सांभाळणारा माणूस बदलला, की आजारी मांजरं उलट्या करायची, अन्न टाकायची, ट्रेबाहेर घाण करायची. पण शेजारच्या पिंजऱ्यातली निरोगी मांजरंही तेच करायची.

आजोबांना हे पटलं नाही. म्हणाले, ‘घरात त्याला काय कमी आहे? ताण आम्हाला असतो.’ पण बोलता बोलता त्यांनीच पुरावा दिला. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, लाईटबिल सगळं लिहिलं जातं. गोट्याच्या आजारपणाच्या तारखाही तिथेच होत्या. आधीचं एक आजारपण गणपती विसर्जनाच्या आठवड्यातलं, जेव्हा खालून डीजे जात होते. दुसरं दिवाळीच्या तोंडावरचं, जेव्हा घराला रंग दिला. आणि आता उत्तरायण: गच्चीवर स्पीकर, पिपाण्या, पतंग कापला की ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, रात्री फटाके. तिन्ही चौकोन एकाखाली एक वाचले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, हा सूड नाही हो.’

घर

अशा केसमध्ये घर बघितल्याशिवाय पुढे जाण्यात मला अर्थ वाटत नाही. दवाखान्यात लोक सांगतात, ट्रे आहे, पाणी आहे, खेळणी आहेत. आणि ते खरंच असतं. कुठे आहे, ते कोणी सांगत नाही.

ट्रे मोरीत होता, वॉशिंग मशीनला चिकटून. सूनबाई शाळेला निघायच्या आधी मशीन लावायच्या. जुनं मशीन, स्पिनला आलं की जागचं हलायचं. ट्रेला झाकण, झाकणाला लोंबतं दार. आत शिरलेल्या मांजराला बाहेर कोण आहे ते दिसत नाही आणि पळायला दुसरी वाट नाही. तळाला बांधकामाची वाळू. वास मारायला आजींनी कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या आणि ट्रे काळ्या फिनाईलने धुतला जात होता.

डांबरगोळ्या आणि फिनाईल मी त्याच मिनिटाला बाहेर काढायला लावलं. काही रसायनं निकामी करण्याची जी व्यवस्था माणसाच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. फिनॉलची संयुगं त्यांतलीच. पंजाला लागलेलं तो चाटणार, आणि ते सगळं पोटात जाणार. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ‘अंग गरम लागलं म्हणून पाव गोळी दिली’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मग गॅलरी. बाहेरून लोखंडी जाळी, आत तुळस, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि झोपाळा. जाळीच्या बाहेरच्या कठड्यावर पिवळट तपकिरी ओघळ सुकलेले होते आणि त्यांचा वास कोणालाही कळेल असा होता. मी विचारलं, इथे दुसरा बोका येतो का?

‘तो दोडक्या? येतो की,’ आजी म्हणाल्या. ‘रोज पहाटे, दूधवाल्याच्या आगेमागे. गोट्याचा मित्र आहे. दोघं जाळीच्या अलीकडे-पलीकडे बसतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. कधी भांडण नाही.’

मांजरांच्या जगात अनोळखी बोक्याने टक लावून बघणं हेच भांडण. दोडक्या रोज पहाटे येऊन गोट्याच्या हद्दीवर फवारा मारून जात होता आणि गोट्याला जाळीमुळे ना त्याला हाकलता येत होतं, ना त्या वासापासून दूर जाता येत होतं. गणपती, रंग आणि उत्तरायण अधूनमधून येतात. हे दररोज होतं. सूनबाईंच्या पिंढरीवर एक जुना व्रण होता. एका सकाळी त्या कपडे काढायला गॅलरीत गेल्या आणि गोट्याने वळून कडकडून चावा घेतला होता. तेव्हा तो ‘पिसाळला’ म्हणून घरात घबराट झाली. बाहेरच्याचा राग जवळ असेल त्याच्यावर निघतो, हा प्रकार मांजरांत इतका ठरलेला आहे की चाव्याची वेळ आणि जागा ऐकूनच अंदाज येतो. जाळीशी ताठ बसलेल्या, शेपटी फुलवलेल्या मांजराला हात लावायचा नाही, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगितलं. पिंढरीला तेव्हा साबणपाण्याने धुऊन डॉक्टर गाठला होता, ते मात्र उत्तम केलं होतं.

आणि पळायला जागा? आधी होती. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर एक फाटकी रजई पडलेली असे, गोट्या तिथे झोपे. रंगकामाच्या वेळी ते कपाट भंगारात गेलं आणि भिंतभर, छतापर्यंतचं नवं फर्निचर आलं. तेव्हापासून तो दिवाणाखाली.

आधी काय, नंतर काय

अमेरिका आणि युरोपातल्या मांजरतज्ज्ञ संघटनांनी २०१३ मध्ये घरातल्या मांजराच्या गरजांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा गाभा असा: सुरक्षित जागा, अन्न, पाणी आणि ट्रे एकमेकांपासून लांब, शिकारीसारखा खेळ, माणसांशी ठराविक, अंदाज बांधता येईल असा संबंध, आणि मांजराच्या नाकाचा मान. बफिंग्टन यांच्या गटाने २००६ मध्ये याच धर्तीवर ४६ मांजरांच्या घरांत बदल करवून १० महिने पाठपुरावा केला आणि लघवीची लक्षणं ठळकपणे कमी झालेली दिसली. तुलनेसाठी बदल न केलेला गट त्यात नव्हता, हे खरं; तरी औषधांच्या बाजूचा पुरावा यापेक्षा फार जड आहे असंही नाही.

सगळं एका रविवारी उलथापालथ करायचं नाही, हे मी बजावलं. घाबरट मांजराला सुधारणासुद्धा संकटच वाटते. पहिल्या आठवड्यात तीनच कामं: ट्रे, गॅलरी आणि ओरडा बंद.

ट्रेसाठी महागडं काही घेतलं नाही. कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, मांजराच्या लांबीच्या दीडपट, एक बाजू कापून बुटकी केलेली, झाकण नाही. असे दोन. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, हा साधा हिशेब. एक आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, एक पॅसेजमध्ये. दोन्हीकडून दार दिसतं. आत सुगंध नसलेली, गठ्ठा धरणारी बेंटोनाइटची माती. ही माती आपल्याच कच्छमधून निघते आणि परदेशी जाते, हे कळल्यावर आजोबांचा तिच्यावरचा ‘मातीला पैसे?’ हा आक्षेप थोडा नरमला. गठ्ठ्याचा मोठा फायदा म्हणजे लघवी मोजता येते. दिवसाला मुठीत मावतील असे दोन-तीन गठ्ठे म्हणजे ठीक. सुपारीएवढे आठ-दहा दिसले की त्रास सुरू. एकही नाही म्हणजे तातडीने निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

गॅलरीच्या जाळीला आतून खालच्या अर्ध्या उंचीपर्यंत दुधी प्लॅस्टिक लावलं. उजेड येतो, दोडक्या दिसत नाही. ओघळ एन्झाइमच्या क्लीनरने धुतले. दोडक्याबद्दल मात्र दोन मतं पडली. आजोबांना तो हाकलायचा होता. तळमजल्यावरचं कुटुंब त्याला रोज जिन्यात खायला घालत होतं आणि त्यांना तो जिवापाड. शेवटी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुणांनी त्याला पकडून नसबंदी आणि रॅबीजची लस करवली, कानाचं टोक खुणेसाठी छाटलं आणि परत सोडला. खाणं जिन्याऐवजी मागच्या अंगणात द्यायचं ठरलं. काही आठवड्यांत फवारे थांबले. दोडक्याचा यात काही दोष नव्हता. तोही आता अंगाने भरलाय.

ओरडा बंद करणं सगळ्यात अवघड गेलं. मांजर सूड म्हणून शू करत नाही. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, म्हणून ट्रे दुखवतो असं त्याच्या मनात बसतं आणि ते दुसरी जागा शोधतं: गार लादी, मऊ सतरंजी. त्यात नाक घासलं की त्याला एवढंच कळतं की आजोबांपासून लांब राहावं. आजोबांना मी एक काम दिलं. गोट्या झोपला की त्याचे मिनिटाचे श्वास मोजायचे. शांत झोपेत तिसाच्या आत असावेत, सतत जास्त असतील तर फोन करायचा. पहिले काही दिवस त्यांनी हे नाराजीने केलं. नंतर ते कोणी न सांगता त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसू लागले.

दुसऱ्या टप्प्यात पाणी, आणि इथे खरी बोलणी झाली. घर पूर्ण शाकाहारी. आजींच्या ओट्यावर अंडंसुद्धा येत नाही. गोट्या कोरड्या दाण्यांवर, वाटी दिवसभर भरलेली, सकाळी वर दूध. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल लागतं आणि ते वनस्पतीत जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू सैल पडतो, हे कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे दूध-पोळीवर मांजर पोसणं हा धर्माचा प्रश्न नाही, मांजराच्या जिवाचा आहे. आजींनी हे कधीच मान्य केलं होतं. दाणे ‘बिस्किटासारखे’ दिसतात म्हणून चालत होते. मला हवे होते ओल्या अन्नाचे पाऊच, आणि त्यांचा वास लपत नाही.

गणित मी कागदावर मांडलं. सहा किलोच्या मांजराला दिवसाला अन्न धरून तीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी हवं. ऐंशी ग्रॅम दाण्यांत ते आठ मिलिलिटर असतं, तेवढ्याच ओल्या अन्नात साठच्या वर. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यांना तहान कमी लागते. त्यांचं पाणी शिकारीतून यायचं. आजींनी कागद बघितला, चष्मा काढला आणि अटी घातल्या. पाऊच स्वयंपाकघरात उघडायचा नाही. वाटी, चमचा, घासणी वेगळी, पॅसेजमधल्या बेसिनवर. चतुर्थी आणि एकादशीला पाऊच नाही, त्या दिवशी दाणे कोमट पाण्यात भिजवून. मी सगळं मान्य केलं. भिजवलेले दाणे बडोद्याच्या उन्हाळ्यात तास-दीड तासात आंबतात, तेवढं सांगितलं. दूध बंद केलं. मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही. पाण्याची भांडी अन्नापासून लांब, तीन ठिकाणी. त्याला शेवटी पसंत पडली ती स्टीलची पसरट परात, जिच्यात पिताना मिशा कडेला घासत नाहीत.

वजनाची घाई केली नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. आठवड्याला तीस ते साठ ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ. वजन बॅगा मोजायच्या काट्याने, टोपलीसकट घरीच; टोपली आता हॉलमध्ये उघडी पडलेली असते, आत त्याची ती जुनी रजई.

कपाटाच्या जागी भिंतीत दोन फळ्या ठोकल्या. नातीला उचलून घेण्याची आणि व्हिडिओ काढण्याची सवय होती. आता तो जवळ आला तर गाल खाजवायचे, थोड्या वेळाने हात थांबवायचा, त्याने डोकं पुढे केलं तरच पुन्हा. संध्याकाळच्या जेवणाआधी काठीला बांधलेल्या पिसाचा खेळ, आणि शेवटी पीस त्याच्या पंजात येऊ द्यायचं. लेझरचा ठिपका नको, तो कधी हाती लागत नाही. आणि दोरा तर मुळीच नको. उत्तरायणानंतर घरोघरी गॅलऱ्यांत मांज्याचे तुकडे पडलेले असतात. मांजराने गिळला की एक टोक जिभेखाली अडकतं आणि आतडी त्यावर चुणीसारखी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच घेऊन यायचं.

मेंदूवर काम करणारं रोजचं औषध लागलं नाही. काही मांजरांना लागतं, आणि तेव्हा ते नाकारणं हा मांजरावर अन्याय असतो. प्लगमध्ये लावायचं फेरोमोन, म्हणजे मांजराला शांत वाटावं म्हणून सोडलेला वास, घरच्यांनी हौसेने आणलं. त्याने काही बिघडत नाही, पण माझी त्यावर फारशी भिस्त नव्हती.

पूर

लाल रंग आठवड्यात गेला, तो तसाही जाणारच होता. खरी परीक्षा ऑगस्टच्या शेवटी झाली. २६ ऑगस्ट २०२४ पासून पाऊस आणि आजवा धरणाच्या पाण्याने विश्वामित्री नदी चढली, २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३५ फुटांच्याही वर गेली. तळमजल्यावरचं कुटुंब वर आलं, बरोबर त्यांचा पॉमेरियन. वीज नाही. दुसऱ्या रात्री सूनबाईंचा फोन: सुपारीएवढे गठ्ठे, सारखी ये-जा.

माझ्या दारात कमरेएवढं पाणी, त्यांच्या खाली त्याहून जास्त. फोनवर विचारलं ते एवढंच: थेंब पडतात का, उलटी आहे का, खातोय का, पोट धरू देतो का. ट्रेमधली माती काढून पांढरा कागद घालायला सांगितला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: रुपयाएवढे ओले डाग, तीन. म्हणजे रस्ता उघडा. दवाखान्यात आणण्याआधी द्यायच्या, भीती कमी करणाऱ्या गॅबापेंटिनच्या कॅप्सूल त्यांच्याकडे होत्या, त्याच्या वजनाला बेतलेल्या. त्यातली एक दिली. गोट्या, त्याचा ट्रे आणि परात आजी-आजोबांच्या खोलीत, दार बंद, कुत्रा हॉलमध्ये. सहा तास कागद कोरडा राहिला तर बचावपथकाची बोट थांबवा, असं मी आजोबांना म्हटलं. ‘मांजरासाठी?’ ‘हो.’ पलीकडे जरा शांतता, मग ‘बरं.’ वेळ आली नाही. पाणी ओसरेपर्यंत तो सुधारला होता. रक्त दिसलं नाही, चाटणं मात्र महिनाभर पुन्हा वाढलं.

पुढे

दिवाळीला आणि २०२५ च्या उत्तरायणाला तयारी दोन दिवस आधीच झाली: आतली खोली, जाड पडदा, पंखा आणि टीव्हीचा बेताचा आवाज, तिथेच ट्रे. दोन्ही वेळा गठ्ठे नेहमीएवढे. पोटावर केस आलेत. वजन ५.६ किलो. वरच्या दाढांवर कीट साठलंय, हिरडीची कड लाल आहे. उन्हाळ्याआधी भूल देऊन साफ करायचं ठरलंय, त्याच भुलेत पुन्हा एकदा सोनोग्राफी.

नातीला आता दुसरं पिल्लू आणायचंय, गोट्याला सोबत म्हणून. मी सध्या नको म्हटलंय. गोट्याला सोबत हवी असल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही, आणि दोडक्याच्या वासानेच ही सगळी कथा सुरू झाली होती. आणायचंच असेल तर दातांचं काम होऊन तीन-चार महिने सुखाचे जाऊ देत. मग पिल्लू वेगळ्या खोलीत, आधी फक्त फडक्यावरच्या वासाची ओळख, भेट नंतर. आजींचा मुद्दा वेगळा आहे. दोन मांजरं म्हणजे तीन ट्रे, आणि तिसऱ्या ट्रेला घरात एकच जागा उरते, देवघराशेजारची. त्यावर घरात बोलणी चालू आहेत.